ओफा राजाचा दिनार

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी मी आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीची तयारी करून घेतली होती. मुलगी हुशार, आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. भाषणाच्या मध्यावर तिने सांगितले, "बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या ओफा नावाच्या राजाने इस्लाम स्वीकारला आणि आपल्या सोन्याच्या नाण्यावर कलमा कोरला." टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर परीक्षकांपैकी एका वयस्कर सरांनी तिला जवळ बोलावले आणि शांतपणे विचारले, "बेटा, नाण्यावर कलमा होता हे ठीक. पण राजा मुसलमान झाला याचा पुरावा काय?"

ती गप्प उभी राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मीही गप्प होते. कारण ते वाक्य तिला मी दिले होते आणि मला ते मोबाइलवर फिरणाऱ्या एका मेसेजमधून मिळाले होते. नाण्याचा फोटो सोबत होता, त्यावरचे अरबी मला वाचता आले, तेवढ्यावर मी पुढचे सगळे खरे मानले होते.

बक्षीस गेले याचे मला फारसे वाईट वाटले नाही. त्या मुलीची ती नजर मात्र मनातून जाईना. म्हणून माझ्या धाकट्या भावाने मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बर्मिंगहॅमला बोलावले, तेव्हा मी त्याला सांगितले, "लंडनचे घड्याळ दाखवले नाहीस तरी चालेल. मला ओफा राजाचा मुलूख दाखव."

भाऊ हसला. "आपा, तू सध्या त्याच्याच मुलखात बसली आहेस," तो म्हणाला.

सीमेवरची माणसे

आणि ते खरेच होते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्तेने ब्रिटन सोडले. त्यानंतर आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यांवरून अँगल आणि सॅक्सन टोळ्यांचे लोक समुद्र ओलांडून इथे येऊन वसले. त्यांची अनेक लहानमोठी राज्ये झाली. त्यांतले देशाच्या मध्यभागी असलेले राज्य म्हणजे मर्सिया. आजच्या बर्मिंगहॅम, लिचफिल्ड, टॅमवर्थ या गावांचा परिसर त्याच राज्याचा गाभा होता.

उर्दूच्या शिक्षिकेला 'मर्सिया' म्हटले की करबलाच्या शहिदांवरचे शोककाव्य आठवणार. भाच्याला मी हे सांगितले, तर त्याने लगेच विचारले, "फुफी, दोन्ही शब्द एकच आहेत का?" नाहीत. राज्याचे नाव जुन्या इंग्रजीतल्या 'सीमा' या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. मर्सियाचे लोक म्हणजे सीमेवरचे लोक. उर्दू शब्द अरबीतून आला आहे. उच्चार जुळला म्हणून नाते जुळत नाही. हा धडा मी भाच्याला दिला खरा, पण त्याची गरज मलाच जास्त होती.

माझ्या भावाच्या गल्लीत हलाल मांसाची दोन दुकाने आहेत, संध्याकाळी मदरशातून सुटलेली मुले टोप्या सावरत पळत असतात आणि जुम्म्याला रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. २०२१ च्या जनगणनेत बर्मिंगहॅममधल्या दर १०० माणसांपैकी जवळजवळ ३० जणांनी आपला धर्म इस्लाम लिहिला. पण या शहराचे नाव त्या जुन्या लोकांनीच ठेवलेले आहे. बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्मा नावाच्या माणसाच्या गोतावळ्याची वस्ती. शेवटचा 'हॅम' म्हणजे वस्ती, आपल्याकडच्या 'वाडी'सारखा. शेजारचे वुल्व्हरहॅम्प्टन हे वुल्फ्रन नावाच्या एका श्रीमंत बाईच्या नावावरून पडले. ९८५ मध्ये राजाने तिला तिथली जमीन दिली होती. वेन्सबरी हे त्यांच्या जुन्या वोडन देवाच्या नावाचे गाव, आणि इंग्रजीतला बुधवारही त्याच देवाचा. राज्य बुडून हजार वर्षे झाली, तरी बसच्या पाट्यांवर ते लोक अजून नांदत आहेत. भाचा आता बसमधून जाताना पाट्या वाचून मला अर्थ विचारतो आणि मी चुकले की गूगल उघडून मला दाखवतो.

बांधावर

एका शनिवारी भावाने गाडी काढली आणि आम्ही सगळे पश्चिमेला वेल्सच्या दिशेने निघालो. भाभीने डबा भरून घेतला होता. वाटेत पोलिसांची गाडी दिसली, तिच्यावर 'वेस्ट मर्सिया पोलीस' असे लिहिलेले. भाचा ओरडला, "फुफी, मर्सिया!" तीन जिल्ह्यांचे पोलीसदल आजही ते नाव चालवते.

आम्हाला नाइटन नावाच्या छोट्या गावी जायचे होते. हे गाव वेल्समध्ये आहे, पण त्याचे रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये येते. मधून टेम नावाची लहानशी नदी वाहते. वेल्श भाषेत या गावाचे नावच 'बांधावरचे गाव' असे आहे. तो बांध म्हणजे ओफा राजाचा बांध.

ओफाने मर्सियावर ७५७ ते ७९६ अशी जवळजवळ चाळीस वर्षे सत्ता गाजवली. पश्चिमेकडच्या वेल्श राज्यांची सरहद्द ठरवण्यासाठी त्याने मातीचा हा प्रचंड बांध घातला असे मानले जाते. त्याच्यानंतर शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या एका धर्मगुरूने बांध एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत असल्याची नोंद केली आहे. सगळा बांध एकट्या ओफाच्याच काळातला नसावा, असे काही संशोधकांना वाटते. आज त्याचा सुमारे १३० किलोमीटरचा भाग शिल्लक आहे आणि त्याच्या आसपासून २८५ किलोमीटरची पायवाट जाते. ती १९७१ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

माझ्या डोळ्यांसमोर दगडी तटबंदी होती. प्रत्यक्षात पाहिले ते आमच्या खाडीकाठच्या खारबांधासारखे. मातीचा उंचवटा, त्यावर गवत, मेंढ्या चरताहेत, मधूनच एखादे झाड. काही ठिकाणी बांध अडीच मीटर उंच राहिला आहे आणि खंदकासकट त्याची रुंदी वीस मीटरपर्यंत जाते. खंदक पश्चिमेच्या बाजूला आहे. म्हणजे माती त्या बाजूची उचलून या बाजूला टाकली. यंत्रे नव्हती. फावडी, टोपल्या आणि माणसांचे हात. कोकणात खारबांध फुटला की सगळे गाव मिळून माती टाकते, ते मी लहानपणी पाहिले आहे. एका हंगामाच्या त्या कामाने माणसे कशी खचून जात, हे आठवून मी त्या गवतावर जरा जपूनच पाय ठेवला. हे घालणाऱ्या एकाही मजुराचे नाव कुणाला माहीत नाही. नाव राहिले ते राजाचे.

जुहरची वेळ झाली. आम्ही बांधाच्या कुशीत वारा लागणार नाही अशी जागा पाहून चादर पसरली. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, इथे आग्नेयेला. इतक्या वर्षांची शरीराची सवय अशी की भावाने हाताला धरून मला वळवले. वाटेने जाणाऱ्या एका वृद्ध जोडप्याने कुत्र्याचा पट्टा जवळ ओढून घेतला, आमची नमाज होईपर्यंत पलीकडेच थांबले आणि मग हात हलवून पुढे गेले.

टॅमवर्थचे सोने

ओफाचा मुख्य राजवाडा टॅमवर्थला होता. बर्मिंगहॅमहून रेल्वेने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. राजवाडा लाकडाचा असल्याने त्याचा आज मागमूस नाही. टेकाडावर आज दिसतो तो नंतरच्या नॉर्मन राजवटीचा किल्ला. पण गावाला आपला जुना मान ठाऊक आहे. किल्ल्याखाली आणि स्टेशनाजवळ एथेलफ्लेड या राणीचे पुतळे आहेत. ओफानंतर शंभर वर्षांनी व्हायकिंग आक्रमणात मर्सिया मोडकळीला आले असताना या बाईने सैन्याचे नेतृत्व केले, गावांना तटबंद्या घातल्या आणि ९१८ मध्ये इथेच तिचे निधन झाले. ओफाची स्वतःची राणी किनेथ्रिथ हिच्या नावानेही चांदीची नाणी निघाली. अँग्लो-सॅक्सन काळातल्या दुसऱ्या कुठल्याही राणीला हा मान मिळाला नाही. आमच्या भाभीला ही माहिती फार आवडली.

किल्ल्याच्या आत काचेच्या पेट्यांत सोन्याचे छोटे छोटे तुकडे मांडलेले आहेत. जुलै २००९ मध्ये इथून जवळच्या एका शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला जमिनीतला खजिना लागला. सुमारे चार किलो सोने, दीड किलोहून अधिक चांदी आणि हजारो लाल खडे. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली. ती शोधणारा आणि शेतमालक यांनी वाटून घेतली, आणि खजिना बर्मिंगहॅम व स्टोक या दोन शहरांच्या संग्रहालयांनी लोकांसाठी घेतला. त्यातलेच काही तुकडे टॅमवर्थला आहेत.

सोने म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बांगड्या येतात. इथे बायकांच्या दागिन्याचा पत्ताच नाही. जवळजवळ सगळे तलवारींच्या मुठींवरून उपटून काढलेले. त्यावर बसवलेल्या लाल खड्यांपैकी काही मध्य युरोपातले, तर काही आपल्या भारतीय उपखंडाकडचे असावेत, असे तपासणीनंतर अभ्यासक सांगतात. आठव्या शतकाच्याही आधी इतक्या लांबच्या वस्तू हातोहात या गावापर्यंत येत होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे ते कामाला येते.

खजिन्यातल्या बऱ्याचशा वस्तू सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या आहेत. हे वर्ष-गणित मनात आले आणि मला बर्मिंगहॅममधली दुसरी एक ठेव आठवली. तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुरआन शरीफची चामड्यावर लिहिलेली दोन पाने आहेत. सूरह कहफ, मरयम आणि ताहा यांचा काही भाग त्यांवर आहे. ही पाने बरीच वर्षे दुसऱ्या एका हस्तलिखितात चुकून बांधलेली होती. एका संशोधिकेच्या लक्षात ते आले, कार्बन चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निकाल जाहीर झाला. चामडे ५६८ ते ६४५ या काळातले असण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक निघाली. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांचा काळ ५७० ते ६३२. म्हणजे इकडे मर्सियाचे सोनार तलवारींच्या मुठी मढवत होते, जवळपास त्याच पिढ्यांमध्ये तिकडे कुणीतरी ही अक्षरे लिहीत होते, किंवा ज्यावर ती लिहिली गेली ते चामडे तयार करत होते. आज दोन्ही एकाच शहरात आहेत.

मूळ पाने कायम मांडून ठेवलेली नसतात. भाच्याने त्यांची छायाचित्रे घरच्या संगणकावर मोठी करून दाखवली. मी ते हिजाजी अक्षर बोट फिरवत वाचू लागले आणि सूरह मरयमच्या ओळी ओळखीच्या निघाल्या. डोळे भरून आले. पण भाऊ, तो इंजिनिअर, हळूच म्हणाला, "आपा, चाचणी चामड्याची आहे हं, शाईची नाही. जनावर कधी मेले ते कळते. लिहिले कधी, ते त्याच्यानंतर केव्हातरी."

आधी मला त्याचा रागच आला. मग त्या परीक्षकांचा आवाज आठवला.

काचेपलीकडचा कलमा

शेवटच्या आठवड्यात आम्ही लंडनला गेलो. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मी कुठल्याही ममीसमोर थांबले नाही.

नाणे फक्त दोन सेंटिमीटर रुंद आहे. आपल्या रुपयाएवढे. वजन सुमारे सव्वाचार ग्रॅम. सोन्यावर कूफी वळणाची अरबी अक्षरे. एका बाजूला मध्यभागी अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही, तो एकटा आहे, त्याचा कोणी भागीदार नाही, ही ग्वाही. दुसऱ्या बाजूला तीन ओळींत मुहम्मद (सल्ल.) अल्लाहचे रसूल असल्याची ग्वाही. कडेने गोल लिहिलेला मजकूर सांगतो की हा दिनार सन १५७ मध्ये पाडला. हिजरी १५७ म्हणजे इसवी सन ७७३-७४. तेव्हा बगदादमध्ये खलीफा मन्सूरचे राज्य होते. बगदाद शहर वसवणारा तोच.

आणि या तीन ओळींच्या मधल्या जागेत लॅटिन अक्षरे: ओफा रेक्स. राजा ओफा.

मी मान वाकडी केली. मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली. अरबी सरळ धरले तर ओफाचे नाव उलटे येते. ओफाचे नाव सरळ धरले तर कलमा उलटा होतो. मोबाइलवरच्या त्या फोटोत मी हे पाहिले नव्हते असे नाही. त्याचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारले नव्हते. ज्याला कलम्याचा अर्थ ठाऊक आहे, जो तो मनापासून स्वीकारतो, तो आपले नाव त्याच्यामध्ये असे डोक्यावर उभे करील का? शिवाय काही अरबी अक्षरेही बिघडलेली आहेत. लिहिता न येणारा माणूस चित्र पाहून जसे उतरवतो, तसे ते काम आहे. त्या सोनाराला ती अक्षरे आहेत हे कदाचित कळले असेल, पण ती काय बोलतात हे कळले नव्हते.

सनाचेही तेच. मूळ दिनारावर १५७ होते म्हणून नकलेवरही १५७ आले. नक्कल त्याच वर्षी झाली, असे त्यावरून म्हणता येत नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरवरून उतरवणारा मुलगा घाईत त्याचा बैठक क्रमांकही उतरवतो, हे आम्हा शिक्षकांना नवीन नाही.

ओफाचा धर्म कोणता, याची साक्ष त्याच्या बाकीच्या आयुष्यात आहे. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर क्रॉस आहेत. ७८६ मध्ये पोपचे दूत त्याच्या राज्यात आले. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या मुलखातल्या लिचफिल्डला स्वतंत्र आर्चबिशप मिळवला. रोमला त्याने दरवर्षी ३६५ मँकस सोने देण्याचे वचन दिले होते, वर्षाच्या दर दिवसाला एक. गरिबांसाठी आणि चर्चमधल्या दिव्यांसाठी. त्याच्या मृत्यूनंतर पोपने मर्सियाच्या नव्या राजाला लिहिलेल्या पत्रात या वचनाचा उल्लेख आहे. हा दिनार त्याच देणगीसाठी पाडला असावा, असा एक तर्क आहे. परदेशाशी व्यापारासाठी पाडला असावा, असा दुसरा. दोन्हींपैकी काहीही असो, ओफा मुसलमान झाला होता असे सांगणारी एकही गोष्ट नाही.

तो 'मँकस' शब्द मात्र मी वहीत दोनदा लिहून ठेवला. तीस चांदीच्या पेनींच्या मोलाचे सोने म्हणजे एक मँकस. अनेक अभ्यासक हा शब्द अरबी 'मन्कूश' वरून आला असे मानतात. मन्कूश म्हणजे ज्यावर नक्श उमटवला आहे ते. त्याच नक्शमधून आपल्या मराठीत नक्षी आली, नकाशा आला. म्हणजे कुण्या सॅक्सन सरदाराने मृत्युपत्रात मँकस लिहिले आणि माझ्या आजीने ओढणीवर नक्षी काढली, दोन्ही शब्दांचे मूळ एका घरातले असण्याची शक्यता मोठी आहे.

वजनाची साक्ष

मग एक प्रश्न उरतो. ज्या राजाला अरबी येत नव्हते, ज्याचा धर्म वेगळा, ज्याच्या दरबारापासून बगदाद हजारो मैल दूर, त्याने बगदादच्या खलीफाच्याच नाण्याची नक्कल का केली?

उत्तर वजनात आहे. हिजरी ७७ मध्ये उमय्या खलीफा अब्दुल मलिकने चित्रे काढून टाकून फक्त अक्षरांचा दिनार सुरू केला आणि त्याचे वजन एक मिस्काल, म्हणजे ४.२५ ग्रॅम ठरवले. सोने जवळजवळ शुद्ध. राज्य उमय्यांकडून अब्बासींकडे गेले, रक्तपात झाला, राजधानी दमिश्कहून इराकमध्ये गेली, पण दिनाराचे वजन तेच राहिले. आपण आजही या वजनावर चालतो. सोन्याच्या जकातीचा निसाब वीस दिनार. अरब देशांत तो ८५ ग्रॅम धरतात, तो ४.२५ ला २० ने गुणूनच. आपल्याकडे साडेसात तोळे धरतात, त्याचेही मूळ ते वीस मिस्कालच.

म्हणून हा दिनार सगळीकडे चालत होता. त्याच काळात आणि त्यानंतर अरब व्यापारी आपल्या कोकण किनाऱ्यावर येत होते. हिजरी ३०४ मध्ये मसऊदी चौलला आला तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती त्याने पाहिली. चौलच्या बंदरातला व्यापारी आणि रोममधला सराफ, दोघेही दिनार हातात घेऊन समाधानी होत असणार. त्यांच्यापैकी किती जणांना वरचे अरबी वाचता येत होते? वाचण्याची गरजच पडत नव्हती. ज्यांनी ते नाणे पाडले त्यांनी मापात मारले नव्हते, एवढे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होते.

म्युझियमच्या बाकावर बसल्यावर मला वाटले, मी त्या मुलीला किती लहान गोष्ट दिली होती. 'इंग्लंडचा राजा मुसलमान झाला' यात अभिमान कशाचा? कुणी राजाने आपला धर्म घेतला म्हणजे आपण मोठे होतो काय? याहून मोठी गोष्ट त्या सव्वाचार ग्रॅममध्ये होती. आपल्या पूर्वजांच्या तराजूवर परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या, कधीही न भेटलेल्या माणसाने विश्वास ठेवला. इतका की नक्कल करायची तर याचीच, असे त्याला वाटले. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना जो इशारा दिला आहे, तो ज्यांनी मनावर घेतला त्यांची ही कमाई.

आणि खात्री न करता सांगितलेली गोष्ट म्हणजे तरी काय? तोही काटा मारण्याचाच प्रकार. ऐकणाऱ्याला वाटते पूर्ण सोने मिळाले. मी वर्गात तेच केले होते, चांगल्या हेतूने केले होते, पण केले होते.

आणखी एक गोष्ट मनाला टोचली. त्या सोनाराने अर्थ न कळता अक्षरे उतरवली, याचे मला काचेसमोर हसू आले होते. पण आपल्या घरांतली किती मुले कुरआन शरीफ अस्खलित वाचतात आणि एका ओळीचा अर्थ विचारला तर एकमेकांची तोंडे पाहतात? तिलावतीचा सवाब आहेच. तरी अर्थ विचारण्याची सवय घरात लागली, तर मेसेजचाही अर्थ आणि पुरावा विचारण्याची सवय आपोआप लागेल.

परत आल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. ती आता बारावीला आहे. तिच्या अम्मीने चहा ठेवला. मी पिशवीतून नाण्याचे चित्र काढले, ओफाचे उलटे नाव दाखवले आणि म्हटले, "बेटा, तुला ते वाक्य मी चुकीचे दिले होते. चूक तुझी नव्हती."

तिने चित्र उलटे केले, सरळ केले. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "टीचर, म्हणजे त्या सरांचा प्रश्न बरोबर होता."

"हो."

"मग मला तेव्हा उत्तर येत नव्हतं, ते बरंच झालं. मी काहीतरी बनवून सांगितलं असतं."

ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली, अल्हमदुलिल्लाह. आता दरवर्षी मी फळ्यावर ते नाणे मोठे काढते आणि मुलांना दोनच प्रश्न विचारते: यावरून काय कळते? आणि काय कळत नाही? दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ लागतो. पण मुले हळूहळू शिकतात.

अल्लाह आपल्या सर्वांना खरे तेवढेच सांगण्याची आणि माप पूर्ण देण्याची तौफीक देवो. आमीन.